पायांची किंमत, कागदाची किंमत
(‘झुंड’च्या निमित्ताने)

सुरतेत महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात दलाल पुडी उघडतो, भिंग डोळ्याला लावतो आणि वजन, रंग, शुद्धता, घडण पाहून भाव बोलतो. तोच हिरा प्रमाणपत्रासह आला, तर बोलण्यातला विश्वास वाढतो. हिरा तोच, वाढला तो कागद.

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) पाहताना मला हा बाजार आठवला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळवले, त्या कार्यावर हा चित्रपट बेतलेला आहे.

फुटबॉलच्या जगात खेळाडूचा भाव कसा ठरतो? वय, खेळण्याची जागा, केलेले गोल, दुखापती, किती संघ मागणी करतात, विकणाऱ्याला पैशाची निकड किती, हे सारे पाहिले जाते. पण या सगळ्यांपेक्षा वरचढ ठरतो तो करार. बदलीची रक्कम ही मुळात मुदतीपूर्वी करार सोडून देण्याची भरपाई असते. पॅरिसच्या संघाने २०१७ साली नेमारसाठी बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो मोजले. त्याच बार्सिलोनाचा मेस्सी २०२१ साली त्याच संघाकडे गेला, तेव्हा बदलीची रक्कम शून्य होती. करार संपला होता, एवढेच. म्हणजे भाव पायांचा खरा, पण तो बोलतो कागद.

‘झुंड’चे मर्म नेमके इथे आहे. अमिताभ बच्चन यांनी रंगवलेले बोराडे सर प्रारंभी मुलांना खेळण्याबद्दल पैसे देतात. मग एके दिवशी ते पैसे थांबवतात, आणि मुले आपणहून खेळायला येतात. ज्यांना कोणी किंमत दिली नाही, त्यांना आधी भाव देऊन मग तो भावच निरर्थक ठरवणे, ही शिक्षकाची खरी युक्ती! पुढे मात्र मैदानापेक्षा मोठी अडचण उभी राहते. मोनिका आणि तिचे वडील ओळख पटवणाऱ्या कागदासाठी हेलपाटे घालतात. अंकुशच्या आड पोलीस ठाण्यातली नोंद येते. गोल करणे सोपे, आपण कोण हे सिद्ध करणे अवघड. मंजुळे हे प्रसंग घाई न करता, हसवत हसवत दाखवतात. रिंकू राजगुरूचे अबोल काम तर विसरता येत नाही.

परंतु एक तक्रार नोंदवली पाहिजे. उत्तरार्धात परदेशवारी हेच मुलांच्या योग्यतेचे प्रमाणपत्र होऊन बसते. जी मुले विमानात बसली नाहीत, त्यांचे काय झाले? ज्या बाजाराच्या मापाला चित्रपट आव्हान देतो, तेच माप शेवटी तो नकळत हाती घेतो. न्यायालयातील भाषणही लांबले आहे. चित्रांनी जे आधीच सांगितले, ते शब्दांनी पुन्हा कशाला?

तरीही हा चित्रपट लिंबायत-उधन्यातील आपल्या घरांनी आवर्जून पाहावा. खानदेशातून आलेल्या कुटुंबांना कागदाचा हा खेळ नवा नाही. गावच्या दाखल्यावर ‘रमेश’, येथील कागदावर ‘रमेशभाई’. दोन लिप्या, दोन नावे आणि एकच बाप! तो बाप दोन्ही कागद घेऊन माझ्या टेबलापुढे उभा राहतो, तेव्हा माझी नजरही आधी कागदावरच जाते, हे मला कबूल केले पाहिजे.

आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतला ५ टक्के वाटा त्या खेळाडूला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या संघांना द्यावा, असा फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा नियम आहे. बाजारालाही घडवणाऱ्याचे ऋण मान्य करावे लागले. आपण शाळावाले तर असा वाटा मागत नाही. मात्र दाखल्यावर सही करण्यापूर्वी समोरच्या मुलाकडे एकदा नीट पाहावे, एवढे ‘झुंड’ने मला शिकवले.