आत्मशोध आणि पाठपुरावा : ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ – एक चिकित्सक आकलन

प्रस्तावना
डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ (राजहंस प्रकाशन, २०००) हे मराठीतील आरोग्यविषयक आत्मपर लेखनातील महत्त्वाचे पुस्तक होय. वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आल्यानंतर लेखकाने आहार, व्यायाम, योग, ध्यान व नातेसंबंध यांची केलेली फेरतपासणी हा त्याचा विषय आहे. प्रस्तुत लेखात या स्वास्थ्यविचाराची चिकित्सा लेखकाच्याच गडचिरोलीतील कार्याच्या संदर्भात केली आहे.

स्वास्थ्यविचाराचे सामर्थ्य व मर्यादा
रोगाला शत्रू न मानता शिक्षक मानणे हे या पुस्तकाचे सामर्थ्य आहे. तथापि येथे रुग्णच डॉक्टर आहे. संशोधन वाचून पारखण्याची क्षमता त्याच्यापाशी आहे. ‘निश्चय केला की रोग हटतो’ एवढाच बोध सामान्य वाचकाने घेण्याचा धोका येथे संभवतो. वस्तुतः लेखकाला मार्गदर्शक ठरलेल्या डीन ऑर्निश यांच्या प्रयोगात (‘लॅन्सेट’, १९९०) रुग्णांच्या आठवड्यातून दोनदा गटबैठका होत. निश्चयाला सोबतीची जोड होती. अशी जोड दुबळी असता काय घडते, हे अमेरिकेतील एका मोठ्या विक्रीसाखळीच्या कर्मचाऱ्यांवरील अभ्यासातून (२०१९) दिसते. अठरा महिन्यांच्या स्वास्थ्य कार्यक्रमानंतर कर्मचाऱ्यांनी व्यायाम वाढल्याचे सांगितले. परंतु रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वैद्यकीय खर्च वा गैरहजेरी यांत लक्षणीय फरक पडला नाही.

गडचिरोलीतील पाठपुरावा
१९९० सालीच ‘लॅन्सेट’मध्ये बंग दांपत्याचा न्यूमोनियाविषयक प्रयोगही प्रसिद्ध झाला. त्यात गावातील प्रशिक्षित कार्यकर्ते व दाया बालकाचे श्वास मोजून आजार ओळखत व औषध देत. पुढे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतल्याने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. येथे परिवर्तन घडले ते मातेच्या आत्मशोधामुळे नव्हे, तर ठरलेल्या दिवशी दाराशी येणाऱ्या कार्यकर्तीमुळे. पुस्तकातील आत्मशोधाला पूरक ठरणारा विचार तो हाच.

येडगावच्या संदर्भात
२०११ पासून ही गृहभेटीची पद्धत ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर राबविली जाऊ लागली. त्यामुळे तिची कसोटी जुन्नर तालुक्यातील येडगावसारख्या गावातही पाहता येते. येडगाव धरणाच्या पाण्यावर पिकणारा ऊस तोडण्यासाठी हंगामात स्थलांतरित जोडपी येतात. कोप्यांत राहणाऱ्या अशा बाळंतिणीचे नाव कोणत्या गावाच्या यादीत असावे? दवाखान्यात गेल्यास खाडा पडतो व मजुरी बुडते. तेथे ‘स्वतःला वेळ द्या’ हा उपदेश अपुरा ठरतो.

निष्कर्ष
स्वास्थ्य कार्यक्रम व्यक्तीला जागे करतो, तर पाठपुरावा तिला एकटे पडू देत नाही. बंग यांचे पुस्तक त्यांच्या गडचिरोलीतील कार्याशी जोडून वाचल्यासच त्यातील आरोग्यविचार पूर्ण होतो. मात्र पाठपुराव्याची यादी गावाच्या शिवेवर थांबता कामा नये. ती मजुराबरोबर फडापर्यंत गेली पाहिजे.