उसना चेहरा

पाठीमागे फळ्यांची भिंत. पुढे एक बाई, केस मागे ओढलेले, कपाळाला आठ्या, पातळ ओठ आत दाबलेले. नजर सरळ आपल्यावर. छायाचित्रकार वॉकर इव्हान्सने १९३६ साली अलाबामात काढलेला हा फोटो अमेरिकेतल्या महामंदीची ओळखच होऊन बसला.

१९८१ साली शेरी लेव्हिन या चित्रकर्तीने न्यूयॉर्कच्या मेट्रो पिक्चर्स या कलादालनात हाच फोटो मांडला, स्वतःची कलाकृती म्हणून. तिने इव्हान्सच्या पुस्तकात छापलेल्या फोटोंचेच फोटो काढले होते. मालिकेचे नाव ‘आफ्टर वॉकर इव्हान्स’. ही उघड चोरी वाटते, पण चोर ऐवजावर मूळ मालकाचे नाव लिहून ठेवत नाही. लेव्हिनने ते मथळ्यातच लिहिले.

कलावंताचा हात, त्याची एकमेव नजर, अस्सल प्रत, या गोष्टी आधुनिकतावादाने देव्हाऱ्यात बसवल्या होत्या. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची, म्हणजे कृतीचा अर्थ कर्त्याच्या हाती नसल्याची, वार्ता दिली होतीच. लेव्हिनने ती भिंतीवर टांगली. थोर कलावंतांच्या यादीत पुरुषांचीच गर्दी असताना एका बाईने त्यातल्या एकाचे काम बिनदिक्कत उचलावे, यातला खट्याळपणाही मला आवडतो. लेव्हिननंतर वीस वर्षांनी मायकेल मँडिबर्ग या कलावंताने तिच्याच प्रतिमा इंटरनेटवर ठेवल्या. कोणीही छापून घ्याव्यात, वर अस्सलपणाचा दाखलाही जोडावा. गंमत आहे, पण तेवढीच.

मला अडकवतो तो चेहरा. मालकीचा वाद रंगला तो इव्हान्स आणि लेव्हिन या दोन नावांत. ज्या बाईच्या आठ्या टिपल्या, ती या वादात पक्षकारही नाही. इव्हान्सनेही तो चेहरा कुठूनतरी उचललाच होता, हे नकलेमुळे एकदम दिसू लागते. गरिबांचे फोटो कोण काढतो, कोण पाहतो, नाव कोणाचे होते, हे प्रश्न मूळ फोटोसमोर हळहळण्याच्या भरात मागे पडतात. नकलेसमोर ती हळहळ ओसरते आणि आपण व्यवहार पाहू लागतो.

पण लेव्हिनला इथेच सोडून देता येत नाही. ती बाई म्हणजे बटाईने कापूस पिकवणाऱ्या कुटुंबातली ॲली मे बरोज. लेखक जेम्स एजी आणि इव्हान्स यांच्या १९४१ च्या पुस्तकात तिला खोटे नाव मिळाले. लेव्हिनच्या मालिकेत तेही गेले. तिथे ती आहे ‘आफ्टर वॉकर इव्हान्स: ४’.