ओ-लानचा चेहरा कोणाचा? : अभिजात हॉलिवूडपटांचा आस्वाद आणि सोलापूरची नजर

प्रास्ताविक

हॉलिवूडच्या अभिजात कालखंडाविषयी, म्हणजे ढोबळमानाने १९३० ते १९६० या तीन दशकांतील चित्रपटांविषयी, मराठीत जे लेखन झाले आहे ते बहुतांशी नटनट्यांच्या आठवणी, किस्से आणि चरित्रे यांभोवती फिरते असे आढळून येते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. भा. द. खेर यांनी चार्ली चॅप्लिनच्या आयुष्यावर 'हसरे दुःख' ही कादंबरी लिहिली आणि ती मराठी वाचकांनी आपलीशी केली, याचे मूळ त्या नटाविषयीच्या जिव्हाळ्यात होते. नटावरील प्रेम ही चित्रपटलेखनाची पहिली आणि बहुधा सर्वांत प्रामाणिक प्रेरणा होय. अरुण खोपकर यांच्या 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' या ग्रंथाने १९८५ मध्ये या प्रेमाला दृश्यचौकट, प्रकाश आणि छाया यांच्या सूक्ष्म वाचनाची जोड दिली, आणि चित्रपटावर गंभीरपणे लिहिणे म्हणजे रुक्षपणे लिहिणे नव्हे हे दाखवून दिले. परंतु ज्या भूमिकेवर आपण मनापासून प्रेम केले तीच भूमिका मुळात एका अन्यायावर उभी आहे असे नंतर कळले, तर आस्वादकाने काय करावे? हा प्रश्न मराठी चित्रपटसमीक्षेत फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात 'द गुड अर्थ' (१९३७) या चित्रपटाच्या निमित्ताने त्याचा विचार करावयाचा आहे. हा विचार सोलापुरात बसून करताना एक घरचा चित्रपटही टाळता येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या पिढीला हे जुने चित्रपट चित्रपटगृहात क्वचितच पाहावयास मिळाले. १९९५ नंतरच्या काही वर्षांत, दिवसभर मुलांची कार्टून दाखविणाऱ्या वाहिनीवर रात्री टीएनटीचे प्रक्षेपण सुरू होई आणि त्यावर मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीचे कृष्णधवल चित्रपट लागत. घरातील मंडळी झोपल्यावर आवाज बारीक करून ते पाहावे लागत. संवाद निम्मे कळत नसत. चेहरे मात्र कळत. हा तपशील येथे नोंदविण्याचे कारण इतकेच की, आपल्याकडील अनेकांचे हॉलिवूडप्रेम हे भाषेआधी चेहऱ्यांवर जडलेले प्रेम आहे.

दुष्काळाचा चित्रपट

पर्ल बक यांची 'द गुड अर्थ' ही कादंबरी १९३१ साली प्रसिद्ध झाली, तिला पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९३८ मध्ये लेखिकेला नोबेल. एमजीएमने तिच्यावर काढलेल्या चित्रपटाचे दिग्दर्शन सिडनी फ्रँकलिन यांचे. निर्माते आयर्विंग थॅलबर्ग चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच सप्टेंबर १९३६ मध्ये निवर्तले. वांग लुंग हा गरीब शेतकरी आणि एका धनिकाच्या घरी दासी म्हणून राबलेली त्याची पत्नी ओ-लान यांच्या संसाराची, दुष्काळाची, स्थलांतराची आणि नंतरच्या सुबत्तेची ही कथा. वांगची भूमिका पॉल मुनी यांनी आणि ओ-लानची लुइझे रेनर यांनी केली. रेनर यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. आदल्या वर्षीच्या 'द ग्रेट झीगफेल्ड'साठीही त्यांनाच ते मिळाले होते. सलग दोन वर्षे अभिनयाचे ऑस्कर मिळविणारी ही पहिलीच व्यक्ती.

सोलापूर जिल्ह्यातील प्रेक्षकाला या चित्रपटाची ओळख करून द्यावी लागत नाही. पाऊस हुलकावणी देतो, जमिनीला भेगा पडतात, घरातील बैलाकडे पाहताना घरधन्याची नजर चुकते, हे सारे त्याच्या घरातील बोलण्याचा भाग असते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्या आठवणीत, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांच्या ऐकण्यात. चित्रपटात बैल मारण्याचा प्रसंग येतो तेव्हा वांगचा हात उठत नाही. ते काम ओ-लान करते. रेनर यांनी येथे कोणताही आक्रोश केलेला नाही. त्या आधीच्या प्रसंगात, वादळात पीक वाचविण्यासाठी ती अवघडलेल्या अवस्थेत शेतात राबते आणि मग एकटीच आत जाऊन बाळंत होते. संपूर्ण चित्रपटात ओ-लानच्या वाट्याला संवाद अगदी थोडे आहेत. खाली झुकलेली मान, उशिरा वर येणारी नजर, आणि बोलण्यापूर्वीचा एक क्षणभराचा थांबा एवढ्या सामग्रीवर रेनर यांनी ही स्त्री उभी केली आहे. लग्नाच्या दिवशी घरी जाताना वांग पीच खाऊन बी फेकून देतो आणि मागून चालणारी ओ-लान ती उचलून घेते. या एका हालचालीत पुढचा सारा संसार आहे. दासीपणात वाढलेल्या बाईला टाकून दिलेल्या वस्तूची किंमत अधिक कळते, हे सांगण्यासाठी कादंबरीकाराला कदाचित परिच्छेद लागला असता.

टोळधाडीचा प्रसंग छायाचित्रणासाठी नावाजला जातो. कार्ल फ्रॉइंड यांना त्यासाठी ऑस्करही मिळाले. तो भव्य आहे हे खरे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते चित्रपट तेथे आपल्या खऱ्या विषयापासून दूर जाऊन पराक्रमाच्या गोष्टीत शिरतो. त्याचा खरा विषय टोळ नव्हे, ओ-लानची मान हा आहे.

सोंगाचा नट

पॉल मुनी यांच्याविषयी स्वतंत्रपणे थोडे लिहिणे आवश्यक आहे. हॉलिवूडच्या 'तारा'पद्धतीत नट प्रत्येक चित्रपटात ओळखू यावा अशी अपेक्षा असे. गॅरी कूपर, हम्फ्री बोगार्ट, कॅरी ग्रँट हे भूमिका बदलली तरी स्वतःच राहिले आणि प्रेक्षक त्यासाठीच जात. रिचर्ड डायर यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या 'स्टार्स' या अभ्यासात तारा म्हणजे व्यक्ती नव्हे, तर अनेक चित्रपट, जाहिराती व वार्ता यांतून घडलेली प्रतिमा अशी जी मांडणी केली, ती या नटांना चपखल लागू पडते. मुनी यांना ती लागू पडत नाही. लेम्बर्ग येथे १८९५ मध्ये जन्मलेला आणि अमेरिकेतील यिद्दिश रंगभूमीवर वाढलेला हा नट लहानपणीच म्हाताऱ्यांची सोंगे आणू लागला होता. 'स्कारफेस' (१९३२) मधील गुंड, 'द स्टोरी ऑफ लुई पाश्चर' (१९३६) मधील शास्त्रज्ञ, 'द लाइफ ऑफ एमिल झोला' (१९३७) मधील कादंबरीकार, 'हुआरेझ' (१९३९) मधील मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष हा प्रत्येक वेळी वेगळा माणूस दिसतो.

मराठी प्रेक्षकाला ही कला परकी नाही. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका पाहून ज्या समाजाने शालूच्या नेसण्याचे अनुकरण केले, त्याला सोंग म्हणजे फसवणूक असे कधीच वाटले नाही. सोंग वठले की नाही, एवढाच त्याचा प्रश्न. म्हणूनच मुनीचा वांग लुंग पाहताना आपल्याकडील जुना नाट्यरसिक अवघडत नाही, आणि आजचा तरुण अवघडतो. दोघेही आपल्या जागी योग्यच पाहत असतात.

काही वर्षांपूर्वी हा चित्रपट पदवीच्या वर्गाला दाखविला असता, दुष्काळी तालुक्यातून आलेली एक विद्यार्थिनी पहिल्या तासाभरात डोळे पुसत होती. चित्रपट संपल्यावर तिने विचारले, "सर, ही बाई चिनी नाही ना? मग चिनी बाई मिळाली नव्हती का?"

नाकारलेली नटी

मिळाली होती, असे या प्रश्नाचे उत्तर आहे. ॲना मे वोंग यांचा जन्म १९०५ मध्ये लॉस एंजेलिसमध्येच झाला. 'द टोल ऑफ द सी' (१९२२) मध्ये त्यांनी नायिका साकारली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. 'शांघाय एक्सप्रेस' (१९३२) मध्ये मार्लेन डीट्रिचच्या शेजारी उभे राहूनही त्यांचे अस्तित्व झाकले जात नाही. ओ-लानच्या भूमिकेची त्यांना आस होती. परंतु नायक म्हणून श्वेतवर्णीय मुनी यांची निवड झाली आणि भिन्नवंशीय जोडप्याचे प्रेम पडद्यावर दाखविण्यास त्या काळच्या नीतिसंहितेचा धाक असल्याने त्यांचा मार्ग बंद झाला. एमजीएमने त्यांच्यापुढे दुसरी भूमिका ठेवली ती लोटस या गणिकेची, म्हणजे संसार मोडणाऱ्या स्त्रीची. वोंग यांनी ती नाकारली, आणि ती टिली लॉश या ऑस्ट्रियन नर्तिकेने केली. १९३६ साली वोंग चीनच्या प्रवासास निघून गेल्या. २०२२ मध्ये अमेरिकी टांकसाळीने त्यांची मुद्रा असलेले नाणे काढले. त्यांना जाऊन तेव्हा एकसष्ट वर्षे झाली होती.

मर्ल ओबेरॉन यांची कथा याच्या नेमकी उलट आणि आपल्या अधिक जवळची. मुंबईत १९११ साली जन्मलेल्या या अँग्लो-इंडियन नटीने आपण टास्मानियात जन्मल्याचे जगाला सांगितले व ते आयुष्यभर निभावले. 'द डार्क एंजल' (१९३५) साठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, 'वदरिंग हाइट्स' (१९३९) मधील कॅथी त्यांनीच केली. वोंग यांचा चेहरा लपण्याजोगा नव्हता, ओबेरॉन यांचा होता. एकीला सोंग घेऊ दिले नाही, दुसरीला सोंग उतरवता आले नाही. रोलाँ बार्थ यांनी ग्रेटा गार्बोच्या चेहऱ्यावर लिहिलेल्या प्रसिद्ध टिपणात त्या चेहऱ्याला मुखवट्याची उपमा दिली आहे. तो निबंध सुंदर आहे, परंतु कोणाचा चेहरा मुखवटा होऊ शकतो आणि कोणाला तो हक्कच नाही, हा प्रश्न त्यात येत नाही.

यावरून रेनर यांचा अभिनय त्याज्य ठरवावा काय? तसे म्हणणे सोपे आहे आणि अलीकडे पुष्कळांना ते सोयीचेही वाटते. परंतु त्या विद्यार्थिनीचे अश्रू खोटे नव्हते, आणि तिचा प्रश्नही खोटा नव्हता. दोन्ही एकाच वर्गात, एकाच मुलीच्या मनात, तासाभराच्या अंतराने आले. समीक्षेने त्यांपैकी एकाची निवड करून दुसऱ्याला गप्प बसविणे म्हणजे कलाकृतीचा अर्धाच अनुभव नोंदविणे होय.

घरचा चित्रपट

आता सोलापूरकराला दगड मारण्यापूर्वी आपल्या घराच्या काचा पाहाव्या लागतात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ काँग्रेसने १९३८ मध्ये पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. तेथे असताना वडील वारल्याचे कळले, तरी ते परतले नाहीत. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, १९४१ मध्ये गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिरतर्फे १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. नायक स्वतः शांताराम, संगीत वसंत देसाईंचे. चित्रपटातील कोटणीस प्लेगच्या साथीशी झुंजतात आणि त्याच रोगाने मरतात. हा बदल कोठून आला असावा, हे मुनीचा 'पाश्चर' पाहिलेल्यास सांगावे लागत नाही. रोगाशी झुंजणारा एकाकी संशोधक, त्याच्या पाठीशी उभी पत्नी, आणि विजयाच्या वेळी द्यावी लागणारी किंमत हा साचा हॉलिवूडने त्या दशकात पक्का केला होता. अपस्माराचा झटका हा मृत्यू नाट्यदृष्ट्या निरर्थक असतो. प्लेग अर्थपूर्ण असतो. शांताराम यांनी अर्थ निवडला. इतिहासाच्या प्राध्यापकांना हे खटकेल. प्रस्तुत लेखकालाही खटकते, पण शेवटच्या भागात चिंग लान बाळाला घेऊन पतीच्या देशी येते तेव्हा ते खटकणे काही काळ विसरले जाते.

आणि ही चिंग लान कोण? जयश्री. शांताराम यांची पत्नी, मराठी नटी, गाणारी. मुंबईत चिनी वस्ती होती, कलकत्त्यात तर मोठी होती. चिनी नटी शोधण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी हॉलिवूडने 'ड्रॅगन सीड' (१९४४) मध्ये कॅथरिन हेपबर्नला चिनी शेतकरीण केले होते, आणि तो प्रकार आज पाहवत नाही. जयश्रीची चिंग लान मात्र पाहवते. हा आपलेपणाचा पक्षपात आहे की त्यात काही वाङ्मयीन कारण आहे?

काही प्रमाणात कारण आहे. हेपबर्नचा चित्रपट आपण वास्तव दाखवीत असल्याचा दावा करतो. शांतारामांचा चित्रपट गाण्याने श्वास घेतो आणि गाणारी नायिका ही संगीत नाटकाच्या संकेतातील पात्र असते. तिच्याकडून चीनचे दर्शन घडावे अशी प्रेक्षकाची अपेक्षाच नसते. परक्या घरात सून म्हणून येणाऱ्या मुलीचे दर्शन घडावे एवढीच असते. शिवाय सत्तेचा तराजूही सारखा नव्हता. १९४६ मधील मुंबईचा चित्रपट एका पारतंत्र्यातील देशाने दुसऱ्या पीडित देशाला लिहिलेले पत्र होते, आणि जयश्रीमुळे कोणा वोंगचा मार्ग अडल्याची नोंद नाही. तरीही हा युक्तिवाद पूर्ण पुरत नाही, हे मान्य केले पाहिजे. गुओ चिंगलान तेव्हा हयात होत्या. त्या पुढे २०१२ पर्यंत हयात होत्या आणि भारतात येऊनही गेल्या. त्यांच्या जागी जो चेहरा आपण साठ-सत्तर वर्षे मनात बाळगला तो त्यांचा नव्हता.

भैय्या चौकातील कोटणीसांचे घर आता स्मारक आहे. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर पुढील वर्षीच्या वर्गाला दोन्ही चित्रपटांतील काही प्रसंग एकापाठोपाठ एक दाखविले आणि त्यानंतर गुओ चिंगलान यांचे, विवाहाच्या सुमाराचे एक छायाचित्र. मुलांना ते ओळखता आले नाही. कोण ते सांगितल्यावर वर्गात थोडा वेळ कोणीच बोलले नाही, आणि मग मागच्या बाकावरून कोणीतरी 'द गुड अर्थ'मधला पीचच्या बीचा प्रसंग पुन्हा लावावा अशी विनंती केली.