काचेवरील मराठवाडा : राजा दीनदयाळ यांच्या प्रवासी छायाचित्रांविषयी

निजामी राज्याच्या इतिहासावरील ग्रंथांत राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांची छायाचित्रे वारंवार आढळतात. परंतु ती बहुधा मजकुराच्या शोभेसाठी येतात. वेरूळचे कैलास लेणे किंवा दौलताबादचा किल्ला त्या काळी कसा दिसत होता, एवढाच प्रश्न त्यांना विचारला जातो. ते चित्र कोणत्या साधनाने, कोणाच्या आश्रयाने व कोणत्या दृष्टीने घेतले गेले, हा प्रश्न मागेच राहतो. मराठवाड्याच्या अभ्यासकास मात्र तो टाळता येण्यासारखा नाही. कारण या प्रदेशाचे एकोणिसाव्या शतकातील दृश्य रूप पुष्कळ अंशी या काचांवरच शिल्लक आहे.

दीनदयाळांनी १८७४ च्या सुमारास छायाचित्रणास आरंभ केला, तेव्हा ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती रौप्यक्षारात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि लेप वाळण्यापूर्वी ती धुऊन काढावयाची. हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. प्रवासी छायाचित्रकारास म्हणूनच अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, जड काचा व स्वच्छ पाणी बरोबर वागवावे लागे. उन्हाळ्यात लेप लवकर सुके, आणि बैलगाडीच्या एका धक्क्याने दिवसाचे काम फुटून जाई. पुढे तयार कोरड्या काचा मिळू लागल्या, तेव्हा हा जाच बराच कमी झाला. तथापि त्या पहिल्या शिस्तीचा ठसा दीनदयाळांच्या कामावरून कधीच पुसला गेला नाही. एका स्थळाची थोडीच चित्रे, पण प्रत्येकीची जागा व वेळ आधी निश्चित केलेली, असा त्यांचा रिवाज दिसतो.

त्या काचेचा आणखी एक दोष समीक्षकाने ध्यानात ठेवावयास हवा. ती निळ्या प्रकाशास फार संवेदनशील व तांबड्यास जवळजवळ आंधळी असे. त्यामुळे आकाश कोरे पांढरे उतरे आणि गेरू काळवंडे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे दुर्दैव येथेच आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून तेथे तैलरंगात केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. त्यांनी कॅमेऱ्याने घेतलेली लेण्यांची दृश्ये टिकली. पण त्यांत स्तंभ आहेत, छाया आहेत, रंग नाही. (धर्माबादच्या बाजारातील लाल मिरचीची रास त्या काळच्या काचेवर कोळशाच्या ढिगासारखी उतरली असती!) छायाचित्र म्हणजे वस्तूची निःपक्ष नोंद, हा समज एवढ्यानेही डळमळावा.

दीनदयाळ रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात शिकले व इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक होते. १८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य हिंदुस्थानातील वास्तूंचा दौरा केला. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होण्यापूर्वीच त्यांची नजर अशी घडली होती. वेरूळच्या चित्रांत ती स्पष्ट दिसते : कोन समोरचा नसून किंचित तिरपा, जेणेकरून खोली मोजता यावी, सावली कोरीव कामाला उठाव देईल इतकीच. आरेखकाच्या शिस्तीचा हा उत्तम लाभ होय. हानीही तेथेच आहे. स्तंभाशेजारी उभा केलेला माणूस पुष्कळदा केवळ मापाच्या काठीचे काम करतो. तो स्थानिक आहे की सामान वाहणारा, भाविक आहे की पहारेकरी, याचा बोध होत नाही.

१८९९-१९०० च्या दुष्काळातील मदतकार्याची चित्रे पाहताना हा दोष अधिक बोचतो. ती राज्याच्या कर्तबगारीची साक्ष म्हणून घेतली गेली. म्हणून तीत उपासमारीपेक्षा व्यवस्था अधिक दिसावी, हे ओघानेच आले. परंतु एवढ्यावरून त्यांना दरबारी स्तुती म्हणून बाजूस सारणे घाईचे ठरेल. काच निवड करीत नाही. चौकटीत जे येईल ते सारे टिपते. अंगावरचे वस्त्र, हातांतील भांडे, मुलांची अंगकाठी, हे तपशील आश्रयदात्याच्या हेतूला न जुमानता उरतात, आणि अभ्यासकाचे खरे काम तेथून सुरू होते.

वाटेचाही विचार करावयास हवा. सिकंदराबाद ते मनमाड हा लोहमार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. तोपर्यंत रेल्वेने वेरूळकडे जाणारा प्रवासी नांदगावला उतरून पुढे सडकेने जाई. नव्या मार्गावर बासर, धर्माबाद, नांदेड, परभणी ही स्थानके आली. पण कॅमेरा ज्यासाठी बाहेर पडे ती स्थळे लेणी, किल्ले, शिकारीचे तळ व सरकारी इमारती हीच होती. बाजारगावाला चित्रसंग्रहात जागा मिळावी, असे ते गाव मागणाऱ्या आश्रयदात्यापाशी काहीच नव्हते. मराठी व तेलुगू जेथे एकाच बाजारात बोलल्या जातात, ती सीमा या दृष्टीच्या बाहेर राहिली.

दीनदयाळांच्या २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आल्या. त्यांच्या छापांवर पुष्कळदा क्रमांक व इंग्रजी मथळा असतो. मथळ्यात लेण्याचे नाव असते, किल्ल्याचे असते, अधिकाऱ्याचेही असते; स्तंभाशेजारच्या माणसाचे नसते.