गाण्याचं तिकीट

पुण्यात किंवा मुंबईत शुक्रवारी रात्री बँड ऐकायला जायचं, तर बऱ्याच ठिकाणी दारातच कव्हर चार्ज भरावा लागतो. कधी हजार रुपये, कधी दीड हजार. मनगटावर कागदी पट्टी बांधली जाते आणि तेवढ्या रकमेचं खाणंपिणं आत वसूल करता येतं. हजार भरले, हजाराचं खाल्लं-प्यायलं, हिशेब मिटला. मंचावर दोन तास वाजवणाऱ्या चार-पाच जणांसाठी श्रोत्याच्या खिशातून वेगळा रुपयाही गेलेला नसतो. त्यांचं मानधन जागेचा मालक देतो आणि पुढच्या वेळी त्यांना बोलवायचं की नाही, हे त्या रात्रीच्या बिलांवरून ठरवतो. त्याचा धंदाच तो आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण महाराष्ट्रातल्या स्वतंत्र बँडसंगीताची आजची अवस्था समजून घ्यायची, तर या कागदी पट्टीपासूनच सुरुवात करावी लागते.

सिनेमाच्या किंवा बड्या कंपनीच्या आधाराशिवाय स्वतःची गाणी रचून वाजवणाऱ्या मंडळींविषयी मी लिहितो आहे. रचनेच्या बाजूने पाहिलं तर हा काळ भरभराटीचा आहे. २०१५ साली सुरू झालेला पुण्याचा 'ईझी वाँडरलिंग्ज' इंग्रजीत गातो. पण घाई न करता, एकेक वाद्य आत घेत गाणं उभं करण्याची त्यांची रीत उसनी वाटत नाही. मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' संतांचे अभंग बेस, ड्रम्स आणि इलेक्ट्रिक गिटारवर घेतो. अभंगाला नुसता जोरकस ठेका चिकटवून त्याला फ्यूजन म्हणण्याचे प्रकार आपण पुष्कळ ऐकले. इथे बेसची ओळ चालीचा हात धरून जाते, म्हणून शब्द दबत नाहीत. 'स्वदेशी' हा मुंबईतला रॅप करणाऱ्यांचा बहुभाषिक जथा. २०१९ मधलं त्यांचं 'द वारली रिव्होल्ट' आरेच्या जंगलातल्या आदिवासींची बाजू मांडतं आणि त्यात आरेतल्याच प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. अमरावतीचा हंड्रेड आरबीएचही याच जथ्यातला. त्याच्या मराठीत विदर्भ ऐकू येतो. हे सगळं चार-सहा वर्षं मन लावून ऐकलेल्या कुणालाही आपल्याकडे नवं काही घडत नाही, असं म्हणता येणार नाही.

गाणी अशी वाढली, दौरे मात्र वाढले नाहीत. घरच्या खोलीत लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण होतं, दुसऱ्या दिवशी गाणं जगभर पोचतं आणि तिथेच थांबतं. स्ट्रीमिंगचे पैसे म्हणावेत तर २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षाला हजारदेखील वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. बँडला जगायचं तर प्रत्यक्ष कार्यक्रमांवर, आणि कार्यक्रम फार तर तीन-चार शहरांत. मग बँडचं माणूसबळच आक्रसतं. सात जणांचा प्रवास परवडत नाही म्हणून तिघंच जातात. ड्रमरच्या जागी आधीच मुद्रित केलेला ट्रॅक येतो. पुढच्या गाण्यांची रचनाच मग त्या तिघांच्या मापाने होऊ लागते. आज एकेकटे गिटार घेऊन गाणारे इतके दिसतात, त्यामागे आवडीइतकंच हे गणितही आहे.

दौऱ्याने गाण्याचं काय होतं, हे पाहायला दिल्लीच्या 'इंडियन ओशन'कडे पाहावं. १९९० साली सुरू झालेला हा बँड. २००० साली आलेल्या त्यांच्या 'कंदिसा' या अल्बममधलं 'मा रेवा' नर्मदेच्या खोऱ्यातल्या लोकगीतावर उभं आहे. गायक आणि बेसवादक राहुल राम स्वतः नर्मदा बचाओ आंदोलनात होते. हे गाणं ध्वनिमुद्रिकेवर एक आहे आणि मैदानात दुसरंच. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या गावच्या श्रोत्यांसमोर वाजवताना त्यातल्या मोकळ्या जागा रुंदावत गेल्या, बेस आणि ड्रम्स यांचा संवाद लांबत गेला. कुठे थांबायचं, कुठे श्रोत्यांना ओळ उचलू द्यायची, हे तालमीच्या खोलीत कळत नाही. पुढे २०१०-११ मध्ये त्यांनी '१६/३३० खजूर रोड'ची गाणी इंटरनेटवर फुकट दिली. हा करोल बागेतल्या त्यांच्या तालमीच्या घराचा पत्ता. गाणी वाटून टाकायचं धाडस त्यांना करता आलं, कारण त्यांचं घर मैफलींवर चालत होतं.

मुंबईत अशी वाट एकेकाळी तयार होऊ घातली होती. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' धोबी तलावाजवळच्या रंगभवनात भरत असे. उघडं नाट्यगृह, स्वस्त तिकीट, समोर कॉलेजची पोरं. नंतर 'इंडस क्रीड' झालेला 'रॉक मशीन' हा बँडही याच काळातला. पण रंगभवनाला झेवियर्स कॉलेजचा आणि रुग्णालयांचा शेजार. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात आला. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा. साधं चार माणसांचं बोलणंही त्याच्या पुढे जातं. रंगभवन गप्प झालं. नियम चुकीचा नव्हता, रुग्णाला झोप हवीच. चूक पुढे झाली. त्या रंगमंचाच्या बदल्यात शहराने दुसरी जागा उभी केली नाही.

रिकाम्या झालेल्या त्या जागेत पब आले. २००७ च्या अखेरीस लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' उघडलं, तेव्हा भारतीय बँडला पहिल्यांदा एवढी नीट ध्वनियोजना मिळाली. वर्तुळाकार कप्प्यांमध्ये बसलेले लोक, मधोमध उभं राहायला जागा आणि प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येणारा आवाज. २०१६ साली ते बंद झालं. अशा जागांनी एक पिढी घडवली, हे मान्य करूनच पुढचं म्हणतो: दारूच्या विक्रीवर उभ्या राहिलेल्या संगीताला एक जन्मजात मर्यादा असते. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी एकवीस, बाकी दारूसाठी पंचवीस वर्षांची अट आहे. २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीचा अपघात झाल्यावर दारावरची तपासणी आणखी कडक झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परिणाम मात्र असा, की सतरा-अठरा वर्षांची मुलगी, जिच्या कानात दिवसभर हीच गाणी वाजतात, ती आपल्या आवडत्या बँडसमोर उभी राहूच शकत नाही. ज्या वयात माणूस एखाद्या बँडचा आयुष्यभराचा श्रोता होतो, नेमकं तेच वय आपण दाराबाहेर ठेवलं आहे.

आत काय होतं, तेही पाहू. पुण्यातल्या एका पबमध्ये मुख्य बँडच्या आधी बाहेरगावचा एक तरुण बँड वाजवत होता. ध्वनितपासणीला जेमतेम दहा मिनिटं मिळालेली. मंचावर एकच मॉनिटर, तोही गायिकेकडे वळवलेला, त्यामुळे गिटारवाला स्वतःचा आवाज ऐकायला पुन्हा पुन्हा ॲम्पकडे झुकत होता. ड्रमरने किक ड्रममध्ये स्वतःचं जॅकेट कोंबून त्याची गुरगुर कमी केली. बारच्या वरच्या पडद्यावर क्रिकेटचा सामना चालू. संथ गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात विकेट पडली आणि अर्धा पब ओरडला. गायिका थांबली नाही. तिने ती ओळ पुन्हा घेतली, या वेळी माइकपासून जरा मागे सरकून, आवाज आणखी खाली आणून. बेसवाल्याने डोळ्यांनी खूण करून एक आवर्तन वाढवलं. पुढच्या तीन-चार टेबलांवरचं बोलणं बंद झालं. रेकॉर्डिंगमध्ये हे गाणं मी ऐकलं होतं आणि ते मला सामान्य वाटलं होतं. तिथे ते चांगलं झालं, आणि ते त्या चौघांनी त्या गोंगाटात केलं.

महोत्सवांनी हा प्रश्न सुटेल, असं काही काळ वाटलं. 'एनएच सेव्हन वीकेंडर' २०१० साली पुण्यात सुरू झाला आणि एका मैदानात एका दिवशी डझनभर भारतीय बँड ऐकायची सोय झाली. त्या वर्षांत स्वतःच्या रचना वाजवणाऱ्यांची प्रतिष्ठा वाढली, हे श्रेय निर्विवाद. पण महोत्सव वर्षातून एकदा येतो. पाऊण तासाच्या वेळेत बँड हमखास टाळ्यांची गाणीच वाजवतो, नवं करून पाहायला तिथे वाव नसतो. त्यानंतर उड्या आणखी मोठ्या झाल्या. २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'लोलापलूझा', जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेच्या तीन रात्री. या कार्यक्रमांना माणसं हजारो रुपये देतात, प्रवास करतात, हॉटेलात राहतात. संगीतासाठी पैसे मोजायची आपल्याकडे तयारी नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरला. पैसा वरच्या टोकाला आहे, धडपड खालच्या टोकाला, आणि मधली तीनशे-चारशे माणसांची जागा गायब. ब्रिटनमध्येही छोट्या जागा धडाधड बंद पडू लागल्या, तेव्हा स्टेडियमच्या तिकिटांतून काही रक्कम छोट्या जागांसाठी बाजूला काढावी, अशी शिफारस २०२४ साली संसदेच्या समितीने केली. इतकी सरळ कल्पना आपल्या राज्यात कुणी मांडायला काय हरकत आहे?

दरम्यान बँड पोट कशावर भरतात? सुपारीवर. लग्न, कंपनीचं स्नेहसंमेलन, नव्या गृहसंकुलाचं उद्घाटन. तिथे हिंदी सिनेमाची गाणी वाजवायची, स्वतःचं एखादं गाणं मध्ये सरकवायचं. यात कमीपणा नाही, घरभाडं त्यातूनच जातं. पण डिसेंबरच्या सगळ्या चांगल्या तारखा सुपाऱ्यांत गेल्यावर स्वतःच्या गाण्यांच्या वाट्याला उरतो तो मंगळवार.

आणि हे सारं त्या महाराष्ट्रात, जिथे फिरतीच्या कलेची वहिवाट इतकी जुनी आहे. किर्लोस्कर आणि गंधर्व नाटक मंडळी आपला सगळा बाडबिस्तरा घेऊन गावोगाव मुक्काम करत. नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि पाडव्याच्या सुमारास गावोगावची मंडळी येऊन जत्रेसाठी फड ठरवतात. विठाबाई नारायणगावकरांसारख्यांच्या फडापुढे माणसं तिकीट काढून कनातीत दाटीने बसली. व्यावसायिक नाटक आजही शुक्रवारी पुण्यात, शनिवारी सांगलीत, रविवारी कोल्हापुरात प्रयोग करतं. त्यासाठी जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात पालिकेचं नाट्यगृह आहे, प्रकाशयोजना आहे, तिकीटखिडकी आहे. बँड या जाळ्याच्या बाहेरच राहिला. तारखांचं वाटप नाट्यनिर्मात्यांच्या सोयीने होतं. गाणंबजावणं म्हटलं की कार्यालयाला वाद्यवृंदच आठवतो आणि भाड्याचा दर त्या खात्यात जाऊन पडतो. ध्वनिव्यवस्था संवादांसाठी बसवलेली, तिच्यावर बेस फाटतो. पण ती बाहेरून भाड्याने आणता येते, आणि बँडसंगीत उभं राहूनच ऐकलं पाहिजे असा काही दंडक नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या तिकिटावर जीएसटीही लागत नाही. तीनशेचं तिकीट, वयाची अट नाही, साडेनऊला पडदा, म्हणजे दहाच्या लाउडस्पीकरबंदीचीही भीती नाही. संस्कृतीच्या नावाने एवढं बोलणाऱ्या राज्यात हे अजून रुळलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

ईशान्येत परिस्थिती निराळी आहे. शिलाँगमध्ये लू माजॉ १९७२ पासून दर २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करत आले आहेत. त्या शहरात गिटार वाजवणारा माणूस कुणाला परका वाटत नाही. मेघालय सरकारच्या 'ग्रासरूट्स म्युझिक प्रोजेक्ट'मधून स्थानिक कलाकारांना सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याचं मानधन मिळतं. अरुणाचलमध्ये झिरोच्या भाताच्या खोऱ्यात २०१२ पासून बांबूच्या मंचावर महोत्सव भरतो आणि बाहेरून येणारे काही श्रोते आपातानी कुटुंबांच्या घरी उतरतात. तिथला खर्च आणि अंतर पाहता आपल्या अडचणी क्षुल्लक आहेत.

मात्र सगळं सरकारवर आणि पालिकेवर ढकलून बँडना आणि आपल्याला मोकळं होता येणार नाही. कोथरूडच्या श्रोत्यांसमोर मराठी घरातला गायक दोन गाण्यांच्या मध्ये फक्त इंग्रजीत बोलतो, तेव्हा तो समोरच्या निम्म्या लोकांना पाहुणा करून टाकतो. वर्षभर तीच आठ गाणी त्याच क्रमाने वाजवणारे बँड पुन्हा आलेल्या श्रोत्याचा अपमान करतात. आणि श्रोते? 'पास मिळेल का?' हा प्रश्न आपण मित्राच्या नाटकाला विचारतो तसाच मित्राच्या बँडलाही विचारतो. आधीच्या बँडच्या वेळी बाहेर उभं राहतो आणि मुख्य बँड आला की आत शिरतो. पाचशेचा टी-शर्ट महाग वाटतो, तर त्याच रात्री टेबलावर हजारोंचं बिल सहज होतं. ज्याला एखाद्या बँडचं गाणं मनापासून आवडतं, त्याने त्या बँडमागे शेजारच्या शहरात जावं, दोनदा ऐकावं आणि दुसऱ्या वेळी काय बदललं ते ओळखावं. ही हौस आपल्या आजोबांना होती. गंधर्वांच्या एकाच नाटकाचे प्रयोग ते पुन्हा पुन्हा पाहत, कालच्या पदापेक्षा आजचं पद कसं झालं यावर भांडत.

वाट तर आखून ठेवल्यासारखी समोर आहे. गुरुवारी नाशिकचं कालिदास कलामंदिर, शुक्रवारी पुणे, शनिवारी सांगलीचं भावे नाट्यमंदिर, रविवारी पणजी. पाच माणसं, एक गाडी, ड्रम्स आणि ॲम्प त्या त्या गावात भाड्याने. पहिल्या फेरीला सांगलीत साठ माणसं आली तर नुकसान होईल. ते नुकसान पुण्याच्या तिकिटांतून भरून काढायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा सांगलीलाच जायचं, साठातले चाळीस परत येतील आणि येताना कुणाला तरी घेऊन येतील या हिशेबाने. तोवर पबमधल्या त्या संथ गाण्याच्या दुसऱ्या कडव्यालाही नवं वळण सापडलेलं असेल.