‘दृष्टी’ आणि दृश्य : एका आज्ञावलीचे परीक्षण

पाथर्डी तालुक्यातील तिसगावच्या एखाद्या गृहस्थास अपघातात चेहऱ्यावर मार बसला व नगरला त्याचे सी. टी. स्कॅन झाले, अशी कल्पना करू. परतताना त्याच्या हाती अहवाल व फिल्म असते आणि पुष्कळदा एक सीडीही असते. त्या सीडीत त्याच्या कवटीचे सारे मापन साठविलेले असते. एके काळी ते उलगडण्यास रुग्णालयातील खास यंत्र लागे. आज महाविद्यालयीन मुलाच्या संगणकावरही ते उलगडता येते. ही सोय इष्टच होय. परंतु पडद्यावर फिरणारी ती कवटी पाहून घरच्या माणसांनी कशावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्या सोयीबरोबरच उपस्थित होतो. प्रस्तुत परीक्षणात ‘दृष्टी’ या आज्ञावलीच्या आधारे त्याचाच विचार करावयाचा आहे.

‘दृष्टी’चे कर्ते अजय लिमये. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत त्यांनी ती रचली. ती विनामूल्य असून तिची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच लिमये यांनी तिचे दोन हेतू सांगितले आहेत: त्रिमित सामग्रीचे अन्वेषण आणि तिचे सादरीकरण. हे दोन हेतू एकाच साधनात सुखाने नांदू शकतात काय, हा आमच्या मते तिच्या परीक्षणाचा गाभा होय.

प्रथम सामग्रीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. 1971 साली लंडनमध्ये हौन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेद घेतले, तेव्हापासून सी. टी.चे मूळ फलित चित्र नसून संख्या हेच आहे. हौन्सफील्ड यांच्या मापनश्रेणीत पाणी 0, हवा उणे 1000 आणि टणक हाड कित्येक शेकड्यांच्या वर. एका छेदात 512 गुणिले 512 बिंदू धरले, तर 500 छेदांत 13 कोटींहून अधिक संख्या होतात. या संख्यांना रंगही नाही आणि पृष्ठभागही नाही. कोणत्या संख्येस कोणता रंग व किती पारदर्शकता द्यावयाची, हे पाहणारा ठरवितो. या योजनेस ट्रान्स्फर फंक्शन म्हणतात.

येथेच ‘दृष्टी’चा खरा गुण दिसून येतो. ती केवळ संख्येचे मूल्य पाहत नाही, तर शेजारच्या बिंदूंच्या मानाने ते मूल्य किती वेगाने बदलते हेही पाहते आणि या दोन्हींचा आलेख पाहणाऱ्यासमोर मांडते. त्यामुळे समान मूल्याचे दोन भाग, एक अवयवाच्या पोटातील व एक त्याच्या सीमेवरील, वेगळे काढता येतात. योजना बदलताच दृश्य बदलते. जीवाश्म, कीटक किंवा खडक यांच्या अभ्यासकास याहून अधिक काय हवे?

तथापि रुग्णाच्या बाबतीत हीच लवचीकता घातक ठरू शकते. नेत्रकोटराच्या तळाचे हाड अतिशय पातळ असते. छेदाच्या जाडीच्या मानाने ते इतके पातळ पडते की, त्याचे मूल्य भोवतालच्या मऊ ऊतकांत मिसळून खाली उतरते. हाडासाठी ठरविलेली मर्यादा थोडी वर गेली, तर पडद्यावरील कवटीस तेथे भोक दिसते. प्रत्यक्षात हाड शाबूत असते. उलटपक्षी, न सरकलेली बारीक तड दृश्याच्या गुळगुळीतपणात बुजून जाते. आमच्या कल्पनेतील गृहस्थास नसलेली मोडतोड दिसेल आणि असलेली दिसणार नाही.

दुसरा आक्षेप आयातीसंबंधी आहे. सी. टी.ची मूल्ये सामान्यतः उणे 1024 पासून 3071 पर्यंत, म्हणजे 4096 असतात. सामग्री आत घेताना ती 256 पायऱ्यांत बसविता येते. संपूर्ण श्रेणी तशी बसविली, तर एका पायरीत 16 मूल्ये पडतात. मेंदूतील करड्या व पांढऱ्या द्रव्यांमधील अंतर साधारणतः दहा-बारा एककांचे. ते अंतर अशा वेळी बहुतांशी पुसले जाते आणि पुढे कितीही रंग चढविले तरी परत येत नाही. श्रेणी जाणीवपूर्वक अरुंद निवडली, तर हा दोष टळतो. पण ही जाणीव आयात करणाऱ्यापाशी आधीच असावी लागते.

यावर असे म्हणता येईल की, क्ष-किरणतज्ज्ञही निवडच करीत असतो. सपाट छेदाची काळी-पांढरी छटादेखील एक योजनाच आहे. हे म्हणणे खरे आहे. परंतु त्या योजनेत संख्या दोनच, खिडकीचा मध्य व तिची रुंदी, आणि त्या बहुधा फिल्मच्या कोपऱ्यात छापलेल्या असतात. वाचणारा त्यांवरून चित्र पारखू शकतो. ‘दृष्टी’तील योजना प्रकल्पाच्या फाइलीत जतन होते खरी, पण तिच्यातून बाहेर पडलेले देखणे चित्र ती आपल्या अंगावर वागवीत नाही. अन्वेषण आणि सादरीकरण यांची फारकत होते ती नेमकी येथे. अन्वेषणात योजना उघड असते व बदलत असते; सादरीकरणात ती गोठते आणि दिसेनाशी होते. चित्र मात्र पुराव्याच्या रुबाबात हातोहात फिरते.

हा दोष कर्त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ‘दृष्टी’ हे निदानाचे साधन म्हणून रचलेले नाही, आणि संशोधनाचे साधन म्हणून ती उत्तम आहे. दोष आहे तो साधन उचलणाऱ्याच्या समजुतीत. तो दूर करण्यासाठी आमच्या विद्यार्थ्यांनी दोन पथ्ये पाळावीत. त्रिमित चित्रात जे दिसले ते मूळ छेदांत सापडेपर्यंत खरे मानू नये. आणि जे चित्र छापावयाचे, त्याखाली छेदाची जाडी, आयातीची श्रेणी व रंगयोजना नमूद करावी.

एक काम मात्र मराठी अभ्यासकांचेच आहे. या आज्ञावलीचे नाव आपले, कर्त्याचे आडनावही आपल्या परिचयाचे. परंतु तिच्यातील आज्ञा इंग्रजीत आहेत. संहिता खुली असल्यामुळे त्या मराठीत आणण्याची वाट मोकळी आहे. मात्र केवळ शब्द बदलून भागणार नाही. आपल्या भाषेत दृष्टी म्हणजे पाहण्याची शक्ती, आणि दृश्य म्हणजे त्या शक्तीस जे दिसते ते. संगणक दृश्य देतो. तिसगावच्या त्या घरात सीडी उघडली जाईल, तेव्हा हा भेद समजावून सांगणारी चार वाक्ये मराठीत पडद्यावर असतील, तर ‘दृष्टी’ हे नाव सार्थ झाले असे म्हणता येईल.