नोंदवहीतील पहिला रकाना

नाशिकच्या लेण्यांचे ड्रोनने सर्वेक्षण होण्याला माझा विरोध नाही. एकमेकांवर येणाऱ्या शेकडो छायाचित्रांतून संगणक डोंगराची त्रिमिती प्रतिकृती उभी करतो; दरड कोठे सुटते आहे ते त्यातून कळते. मात्र मूळ छायाचित्रे, उड्डाणाची तारीख व उंची, जमिनीवर मोजलेल्या खुणा यांची नोंद जपली नाही, तर ती प्रतिकृती उद्या नुसती शोभेची.

माझा आक्षेप त्या नोंदीच्या पहिल्याच रकान्याला आहे: स्थळाचे नाव. तेथे ‘पांडवलेणी’ एवढेच लिहिले की संपले. शिलालेखांत हा डोंगर ‘तिरण्हु’ म्हणजे त्रिरश्मी आहे. ही २४ लेणी बौद्ध आहेत. पांडवांचा येथे संबंध काय? एकदा फायलीत शिरलेली दंतकथा प्रत्येक नकलेबरोबर पक्की होत जाते.

शिवाय ड्रोन वरून पाहतो, आणि लेख आहेत आत, भिंतींवर. लेणे ८ मध्ये मुगुदास नावाच्या कोळ्याचे, सहकुटुंब दिलेले दान कोरलेले आहे. लेणे ३ मध्ये गौतमी बलश्री पुत्राची थोरवी सांगते. त्यात त्याने वर्णसंकर थांबवल्याचाही गौरव आहे, आणि तोही भिक्षुसंघाला दिलेल्या दानाच्या लेखात! आमच्या विद्यार्थ्यांनी वाद घालावा तो या ओळींशी. प्रतिकृतीत त्या दिसत नाहीत.

म्हणून प्रत्येक उड्डाणाच्या नोंदीला लेण्याचा क्रमांक, लेखाचे वाचन, दात्याचे नाव आणि डोंगराची दोन्ही नावे जोडलीच पाहिजेत. दंतकथेचे नावही राहू द्या, पण ‘दंतकथा’ या रकान्यात.